खुर्ची घ्या, पण रात्रीची फ्लाइट सोडू नका

पत्र : ताई, मी नेरूळला राहतो. वय ४३. एका खासगी कंपनीत एअरबस ए३२० वर कॅप्टन आहे. उलव्याचा नवा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून कंपनी इथला बेस (म्हणजे पायलट जिथून ड्यूटीला निघतात ते ठाणं) वाढवतेय आणि बेस मॅनेजर होशील का म्हणून मला विचारलंय. ऑफिस घरापासून जवळ, रात्रीचं उडणं जवळजवळ बंद, मुलगी यंदा दहावीला. बायको तर खूशच आहे. पण बातमी फुटल्यावर आमच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘चला, आणखी एक गेला.’ परवा क्रू रूममध्ये शिरलो आणि चाललेलं बोलणं एकदम थांबलं. मी अजून होकारही दिलेला नाही! खरं सांगतो, ऑफिसातल्या पायलटांना मीही आजवर हसतच आलोय. मध्यंतरी माझ्याबरोबरच्या एका फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) थकव्यामुळे फ्लाइट नाकारली, तर त्याला तीनदा ऑफिसात बोलावून तेच तेच विचारलं. तेव्हा वाटलं, त्या टेबलापलीकडे आपल्यातला कोणी असता तर. मी जावं का? आणि गेलो तर हे लोक मला आपलं मानतील का?
— एक कॅप्टन, नेरूळ

उत्तर :

कॅप्टन, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. पहिले सहा-आठ महिने मानणार नाहीत. तुम्ही कितीही चांगले वागलात तरी नाही. त्यानंतर मानतील की नाही, हे तुमच्या बोलण्यावर ठरणार नाही, तुमच्या रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावर ठरेल.

माझी नोकरी क्रू शेड्युलिंगमध्ये गेली. म्हणजे पायलट आम्हाला ऑफिसवाले समजायचे आणि ऑफिसवाले आम्हाला पायलटांच्या बाजूचे. शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार दिसलं. महिनाअखेर जवळ आली की पुढच्या महिन्याचं रोस्टर लावायला बसायचो. तेव्हा सगळ्यात आधी काय लावायचं? ऑफिसात बसणाऱ्या कॅप्टनांच्या फ्लाइट. एक चिठ्ठी यायची : मीटिंग अमुक दिवशी, शनिवार-रविवार नको, शक्यतो दिवसाची, त्याच दिवशी परत येणारी. मग सकाळी गोव्याला जाऊन जेवायच्या वेळेला परत, असं काहीतरी त्यांच्या नावावर टाकायचं आणि उरलेलं बाकीच्यांत वाटायचं. उरलेलं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मध्यरात्री दोनचं निघणं, पहाटे उतरणं, आणि भलत्या शहरातल्या हॉटेलात पडदे ओढून दिवसा झोपायचा प्रयत्न करणं. नियमानं यात काही चुकीचं नव्हतं. ज्याला आठवड्यातले चार-पाच दिवस टेबलावर बसायचंय त्याला रात्री उडवून कसं चालेल? पण रोस्टर हातात आलं की पायलट आधी स्वतःचं बघतो आणि लगेच साहेबांचं. ‘आणखी एक गेला’ हे वाक्य तिथे तयार होतं. ग्रुपवर ते नंतर येतं.

त्याच ऑफिसात दुसरे एक कॅप्टन होते. स्वभावाने तिरसट. बुटांना पॉलिश नाही म्हणून भर ब्रीफिंगमध्ये माणसाला सुनवायचे. त्यांना फार कोणी प्रेमाने वगैरे भेटायला जात नसे. पण जुलैत, पाऊस आणि तापाची साथ एकदम आली की स्टँडबायची, म्हणजे राखीव पायलटांची यादी संध्याकाळीच संपते, तेव्हा हे खाली आमच्या टेबलाशी यायचे. कोणी फोन केलेला नसायचा. माझ्यासमोरची यादी उलट्या बाजूनेच वाचायचे आणि म्हणायचे, ‘दोनची दिल्ली मला लाव. उद्या सकाळच्या मीटिंगला मी नाही म्हणून कळव.’ मग माझ्याकडून कोणाला किती विश्रांती शिल्लक आहे ते विचारून घ्यायचे आणि ज्याची पुरी झालेली नाही त्याच्या नावावर बोट ठेवून, ‘याला उठवायचं नाही’ एवढं बोलून वर जायचे. त्यांच्याबद्दल ‘गेला’ असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. बाकी बरंच काही ऐकलं.

तेव्हा लाइनवरच्या, म्हणजे रोजच्या फ्लाइट उडवणाऱ्या पायलटांचा राग खुर्चीवर असतो असं मला वाटत नाही. हेवा म्हणावा तर तोही फारसा नसतो, कारण निम्म्या लोकांना ती खुर्ची फुकट दिली तरी नको असते. राग कशाचा, ते सांगते. विमानाबाबतचा शेवटचा निर्णय आणि त्याची जबाबदारी कायद्याने पायलट-इन-कमांडची. ती कोणावर ढकलता येत नाही. जुलैच्या संध्याकाळी मुंबईवर अर्धा-पाऊण तास घिरट्या घालाव्या लागतील असा अंदाज करून एखादा कॅप्टन दीड टन इंधन जास्त घेतो. त्या दिवशी नेमकी उघडीप मिळते, विमान सरळ येऊन उतरतं. पुढच्या आठवड्यात मेल येतो : जादा इंधनाचं कारण कळवावे. असा मेल हिशेबाच्या खात्याने पाठवला तर पायलट हसून सोडून देतो. त्याखाली ‘कॅप्टन अमुकतमुक’ अशी सही असली तर मात्र तो वर्षभर विसरत नाही. कारण हा माणूस त्या ढगात बसलेला आहे. त्याला माहीत आहे. माहीत असून विचारतोय. सून सासू झाली की आपण सून असतानाचे दिवस विसरते म्हणतात, तसला हा राग.

आणि हा राग नुसता भावनेचा नाही. ऑफिसातल्या टेबलावर ठरलेली गोष्ट कॉकपिटपर्यंत कशी पोचते, हे बघायचं असेल तर कोळिकोडच्या अपघाताचा चौकशी अहवाल पुन्हा काढून वाचा. ७ ऑगस्ट २०२०, पावसाची रात्र, टेबलटॉप म्हणजे पठारावरची, टोकाला उतार असलेली धावपट्टी, २१ माणसं गेली, दोन्ही वैमानिकांसह. अहवालाने मुख्य ठपका अस्थिर अप्रोच (उतरतानाचा वेग-उंची नीट न जमणं) तसाच चालू ठेवल्यावर आणि धावपट्टीवर फार पुढे उतरण्यावर ठेवला. ते तुम्ही सिम्युलेटरच्या वर्गात ऐकलंच असेल. पण त्यातच हेही लिहिलंय की त्या बेसवर नेमणुकीला २६ फर्स्ट ऑफिसर आणि कॅप्टन फक्त एक होता. दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट त्याच कॅप्टनच्या नावावर होती आणि तिथेच उतरण्याच्या ओढीमागे हे एक कारण होतं. कॅप्टनांना बेस देण्याचं कंपनीचं धोरण सदोष, असं अहवालाने स्पष्ट म्हटलंय. कुठल्या बेसला किती कॅप्टन, हा आकडा कोणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून ठरवला होता, किंवा ठरवायचा राहून गेला होता. तुम्हाला विचारलेलं पद त्याच साखळीतलं आहे. त्यामुळे ‘ते तिकडचे, आपण इकडचे’ असं म्हणून ते पद कोणीतरी पडेल माणूस घेईल तर घेऊ दे, हेही मला पटत नाही. चांगल्या माणसांनी तिथे जायला हवं. फक्त कशासाठी जातोय, ते स्वच्छ हवं.

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यात दोन कारणं आहेत. रात्रीची झोप, घर, दहावी हे सुरुवातीला आणि सविस्तर. त्या फर्स्ट ऑफिसरचं शेवटी, घाईत. मी पायलट नाही, पण पत्रं बरीच वाचते, आणि आधी येतं तेच कारण मोठं असतं असा माझा अनुभव आहे. झोप हवी असण्यात लाजण्यासारखं काही नाही. ४३ व्या वर्षी रात्री अडीचला न्यायला आलेल्या गाडीत बसताना अंग कुरकुरतंच. पण रात्री चुकवायच्या म्हणून बेस मॅनेजर झालात तर ग्रुपवरचा तो गृहस्थ बरोबर ठरला, आणि तुमच्या वाट्याच्या रात्री कोणाला जातील तेही तुम्हाला माहीत आहे. दहावी मार्चमध्ये संपते. हे पद मार्चमध्ये संपत नाही. नियमित झोप आणि घर हाच मुख्य प्रश्न असेल तर प्रशिक्षणाकडे वळा. सिम्युलेटरवर शिकवणाऱ्याला क्रू रूममध्ये वेगळा मान असतो, कारण तो रोज स्वतःचं कौशल्य पणाला लावताना दिसतो आणि कोणाची रजा त्याच्या हातात नसते.

(त्यातही एक पथ्य आहे बरं का. १९७७ च्या मार्चमध्ये स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ जण गेले. त्यातल्या डच विमानाचा कॅप्टन कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचा प्रमुख होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता. त्याचा बराच काळ सिम्युलेटरमध्ये शिकवण्यात जात होता आणि नेहमीच्या मार्गावर तो कित्येक आठवड्यांनी उडत होता. सिम्युलेटरमध्ये टेकऑफची परवानगी शिकवणाराच देतो, थांबून वाट बघावी लागत नाही. शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला ७४७ साठी त्यानेच दोन महिन्यांपूर्वी पास केलेलं होतं. फ्लाइट इंजिनिअरने मागून विचारलं, ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? विमान तोवर धावायला लागलेलं होतं. ‘हो’ म्हणाला आणि तसाच पुढे गेला. आणि डच सरकारने ड्यूटीच्या तासांचे नियम नुकतेच कडक केले होते, त्याचंही दडपण डोक्यावर होतंच. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग एवढं केलं की लायसन्सचं भागतं. लाइनच्या सवयीचं तेवढ्यात भागत नाही.)

त्या फर्स्ट ऑफिसरसाठी जायचं असेल, तर मात्र बोलू. पण त्याच्यासाठी काही करायला खुर्ची लागते, हा तुमचा गैरसमज आहे. तुम्ही त्या फ्लाइटचे कॅप्टन होतात. त्याची अवस्था तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती. सेफ्टी विभागाला तसं दोन ओळींत कळवणं त्या दिवशीही तुमच्या हातात होतं, आजही आहे. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी खात्याच्या) जानेवारी २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना थकव्याच्या तक्रारींचा तिमाही अहवाल देणं बंधनकारक केलंय. तेव्हा ‘तीनदा बोलावलं’ हे कुठेतरी कागदावर आलं तर त्याला वजन आहे. ते लिहा. पद घेण्याआधी लिहा. पद घेतल्यावर लिहिलंत तर त्याचा अर्थ वेगळा लावतील, आणि घेण्याआधी लिहिल्यामुळे पद गेलंच, तर ते कसलं पद होतं ते फुकटात कळलं.

बेस मॅनेजरच्या हातात नक्की काय असतं, ते एकदा खडसावून विचारून घ्या. मी पाहिलेल्या ठिकाणी रोस्टर त्याच्या हातात नव्हतं, ते मुख्य कार्यालयातून यायचं. फ्लाइट डेटावरून कोणाला समज द्यायची, ते सेफ्टी आणि ट्रेनिंगवाले ठरवायचे. ऑपरेशन्सचे डायरेक्टर आणि चीफ पायलट ही डीजीसीएपुढे उत्तरदायी असलेली मंडळी वेगळी. बेसच्या माणसाकडे राहायचं काय? उशिरा येणारे, युनिफॉर्म, गाड्यांच्या तक्रारी, हॉटेलचं जेवण, आणि आजारी पडलेल्यांना ‘बरं वाटतंय का’ म्हणून करायचे फोन. हे शेवटचं काम साधं दिसतं, पण माणूस बदलतो तो त्यातच. पहिल्या महिन्यात तुम्ही खरंच चौकशी करता. सहाव्या महिन्यात वरून यादी येते आणि तुम्ही ‘उद्या सकाळपर्यंत जमेल ना रे?’ असं विचारायला लागता.

२०२५ चा डिसेंबर आठवा. जानेवारी २०२४ च्या त्याच नियमांनी पायलटांच्या रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर. विश्रांतीचा भाग जुलैपासून आणि रात्रीचा नोव्हेंबरपासून लागू झाला होता. नियम जवळजवळ दोन वर्षं आधी जाहीर झालेले. तरी देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीचं वेळापत्रक कोसळलं, हजारो फ्लाइट रद्द झाल्या, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, आणि शेवटी तिला रात्रीच्या नियमातून तात्पुरती सूट द्यावी लागली. समजा, तसाच एखादा आठवडा तुमच्या बेसवर आलाय. वरून फोन आहे, ‘तुमचे संबंध चांगले आहेत, चार-पाच जणांना सुट्टीतून बोलवा, नियमात बसतंय.’ नियमात बसतही असेल. तुम्ही फोन लावणार का? मला उत्तर कळवायची गरज नाही. पण हा प्रश्न जो तुम्हाला पद देतोय त्याला विचारा, असाच्या असा : ‘मी नाही म्हटलं तर पुढे काय होईल?’ तो काय बोलतो त्यापेक्षा किती वेळाने बोलतो ते बघा.

पायलटाला पद मिळालं की निष्ठा बदलते, हेही काही खरं नाही. सप्टेंबर २००९ मध्ये एअर इंडियात भत्ते निम्म्यापर्यंत कापायचं ठरलं तेव्हा आंदोलनाला बसले ते एक्झिक्युटिव्ह पायलट, म्हणजे कागदोपत्री व्यवस्थापनाचीच माणसं. चार-पाच दिवस फ्लाइट रद्द होत राहिल्या आणि कपात थांबवावी लागली. व्यवस्थापनाला तेव्हा कळलं की खांद्यावर चार पट्ट्या असलेला माणूस, म्हणजे कॅप्टन, टेबलावर बसवला म्हणून तो पूर्ण आपला होत नाही. दोन्ही बाजूंना तो थोडा परकाच राहतो. हे तुम्हालाही सोसावं लागणार आहे आणि वहिनींना आत्ताच सांगून ठेवा. रात्री घरी असाल, पण फोन चालू असेल. शिवाय उडण्याचे तास कमी झाले की तासांवरचा भत्ता कमी होतो. पदाचा भत्ता तो भरून काढतो का, हा हिशेब दोघांनी कागदावर मांडा, तोंडी नको.

आता मी काय करीन ते. होकार देईन, पण अटी घालून, आणि अटी मेलवर. महिन्याला ठरावीक तास उडणं, आणि ते शेड्युलिंगने इतरांसारखंच लावायचं, माझ्याकडून चिठ्ठी जाणार नाही. त्यात रात्रीच्या फ्लाइट इतर कॅप्टनांच्या प्रमाणात. थकव्याची तक्रार करणाऱ्याशी बोलायचं ते सेफ्टीमार्फत, ऑफिसात एकट्याला बोलावून नाही, निदान माझ्या बेसवर. लाइनवर परत यायची वाट मोकळी, ज्येष्ठता जशी आहे तशी. ही शेवटची अट लोक संकोचाने मागत नाहीत आणि पुढे पस्तावतात. कॅप्टनला नोटीस पिरियड एक वर्षाचा, २०१७ पासून. म्हणजे खुर्ची असह्य झाली तर दुसऱ्या कंपनीत जाऊन सुटका करून घेणं तुमच्यासाठी चटकन होणारी गोष्ट नाही. परत यायचं तर इथल्याच लाइनवर, इथल्याच लोकांत, त्याच क्रू रूममध्ये.

ग्रुपवर खुलासा लिहू नका. ‘मी तसा नाही’ असं लिहिणारे सगळेच असतात, आणि स्क्रीनशॉट दहा मिनिटांत दुसऱ्या ग्रुपवर जातो. ज्या मित्राचं तुम्हाला खरोखर वाटतं त्याला पाम बीच रोडला सकाळी चालायला बोलवा आणि विचारा, ‘माझ्या जागी तू असतास तर काय मागितलं असतंस?’ पायलट लोक सल्ला द्यायला कधीच नाही म्हणत नाहीत. त्याने सुचवलेल्यातली एखादी अट यादीत घाला. तो काय सुचवील ते मला आत्ताच थोडंफार ठाऊक आहे, पण ते त्याच्या तोंडून यायला हवं.

आणि मुदत. दोन वर्षं म्हणा. दोन वर्षांनी दोन्ही बाजूंना मोकळं होता येईल असं लेखी घ्या. तेवढंही लिहून द्यायला ते तयार नसतील, तर मला परत पत्र लिहीत बसू नका, त्यांना नकार कळवून टाका.